समुद्र आहे, बादली नाही

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं, कारण माझ्या दुकानाच्या पाटीवर तो आहे. तुळजापूरच्या बसस्थानकाजवळ माझं ट्रॅव्हल्सचं दुकान. पाटी रंगवणाऱ्या पेंटरने समुद्र पाहिलेला नव्हता, तेव्हा मीही पाहिलेला नव्हता, त्यामुळे कामात मतभेद झाले नाहीत. लाटा त्याने नांगराच्या तासांसारख्या सरळ ओढल्या आणि नारळाच्या झाडाला हाताच्या सवयीने बाभळीच्या फांद्या काढल्या. त्या पाटीखाली बसून मी उभी हयात लोकांना समुद्र विकला. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरमागे घागरी पळतात तिथे हा धंदा चालतोच कसा, असं मला पुण्याच्या एका व्यवसायबंधूने विचारलं होतं. मी म्हटलं, अरे बाबा, ज्याच्या नळाला पाणी नाही तोच गाडी करून पाणी बघायला जातो.

आता दुकान मुलगा बघतो. बघतो म्हणजे मोबाईलमध्ये बघतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी त्याला उत्तर मोबाईलवरच पाठवतो. माझ्याकडे भिंतीजवळची खुर्ची आणि आल्यागेल्याला चहा सांगण्याचं खातं आहे. त्यामुळे लिहायला सवड भरपूर. पण सगळं सांगत बसलो तर हा अंक पुढच्या दिवाळीला निघेल, म्हणून मुख्यतः एकच हकिगत सांगतो, ती सुमनकाकूंची. काकूंना आयुष्यात एकदा समुद्र बघायचा होता. त्यासाठी महागडं हॉटेल घ्यायचं की स्वस्तातलं, यावर त्यांच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाला मत होतं. काकूंचं मत कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्यांत, म्हणजे न विचारणाऱ्यांत, मीही होतो.

आधी धंदा समजून घ्या. आमच्याकडे हॉटेल म्हणजे जिथे भजी तळतात ते. राहायची जागा म्हणजे लॉज, आणि लॉज म्हटलं की बायकामाणसं एकमेकींकडे बघतात. त्यामुळे नवीन गिऱ्हाइकाला "समुद्रावर हॉटेलात राहायचं" असं सांगितलं की तो विचारतो, "म्हंजी रातभर भज्याच्या वासात झोपायचं व्हय?" त्याला आधी हॉटेल आणि हॉटेल यांतला फरक सांगायचा, मग समुद्राकडे वळायचं.

समुद्रावरच्या हॉटेलांचे आमच्या दुकानात दोनच प्रकार. एक पडद्याचं आणि एक पत्र्याचं. पडद्याचं म्हणजे महागडं. तिथे समुद्राच्या बाजूला अख्खी काचेची भिंत असते आणि त्या भिंतीवर जाड पडदा असतो. खोलीत एसी लावलेला असतो, म्हणून तो पडदा माणसं उघडत नाहीत. बाहेर समुद्र असतो आणि समुद्राला पाठ करून एक पोहण्याचा तलाव असतो. माणसं तलावात डुंबतात. नाश्त्याला पदार्थांची अशी रांग असते की आमची माणसं बिचकून, दोन फेऱ्या मारून, शेवटी पोहेच घेतात. पलंगावर टॉवेलचं बदक करून ठेवलेलं असतं. कळंबच्या एका वकिलांच्या मंडळींनी ते बदक न मोडता पिशवीत घालून घरी आणलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. हॉटेलवाल्याचा मला फोन आला. टॉवेल चोरीला गेला असं मी वकिलांना कसं सांगणार, म्हणून मी हॉटेलवाल्यालाच सांगितलं की बदक उडालं असेल.

पत्र्याचं म्हणजे स्वस्तातलं. वर पत्रा, मागे मालकाचं घर, पुढे झोपाळा, आणि मालकीणबाई स्वतः रांधून वाढतात. जाहिरातीत "समुद्र जवळ" असं असतं. या भाषेचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळत नाही, तो आज फुकट सांगतो. "सी-टच" म्हणजे समुद्र दिसतो. "सी-व्ह्यू" म्हणजे गच्चीवर चढल्यास दिसतो. आणि "समुद्र जवळ" म्हणजे कोणाला तरी विचारावं लागतं.

पण खरा फरक समुद्राचा नाहीच, बादलीचा आहे. आमच्या जिल्ह्यातलं गिऱ्हाईक समुद्र किती लांब आहे हे नंतर विचारतं. पहिला प्रश्न, "बादली हाय का?" पडद्याच्या हॉटेलात बादली नसते. तिथे डोक्यावर फवारा असतो, नाहीतर पांढरा टब असतो. आमच्या माणसाला एका बादलीत अंघोळ करून उरलेल्या पाण्यात कपडे खळबळायची सवय. त्याला तो फवारा सोडून उभं राहायचं म्हणजे पाप वाटतं. एका डॉक्टरांनी तर घरून बादली नेली होती. गाडीत सगळ्यात पुढे, मांडीवर.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात. येरमाळ्याच्या रस्त्यावर एकाचा ढाबा आहे. त्याने पडद्याच्या हॉटेलातली अगदी समुद्रापुढची खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "दत्ताभाऊ, काल सांजच्याला समुद्र व्हता. आता न्हाय."

"नाही म्हणजे?"

"पाक आत गेलाय. निस्ती वाळू पडलीय. आमी काय वाळू बघायला आलाव व्हय? आमच्या ढाब्याम्होरं बी ढीग हाय वाळूचा."

मी त्याला ओहोटी म्हणजे काय ते सांगितलं. दुपारी पाणी परत येईल म्हटलं. त्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "दत्ताभाऊ, तुमी धंदा करता, तुमी आसंच बोलणार. पर गेल्यालं पाणी माघारी येताना बघितलंय का कवा कुणी?" त्याला मी काय दोष देणार? आमच्याकडे विहिरीतलं पाणी गेलं की ते गेलं. माणूस खाली वाकून बघतो आणि घरी जातो, दुपारपर्यंत वाट बघत बसत नाही. तो ढाबेवाला दुपारच्या आत सामान बांधून निघाला आणि पाणी आलं तेव्हा घाटात होता.

तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्याची गोष्ट निराळी. दिवाळी झाली की त्यांचं वर्ष संपतं आणि मग त्यांना हिंडायला फुरसत मिळते. हा गृहस्थ किनाऱ्यावर गेला, दोन बोटं हवेत चोळून बघितली आणि मला फोन करून म्हणाला, "जागा बेस हाय, पर हवा लई ओली. हितं एक माळ धड वाजायची न्हाय." यापलीकडे समुद्राबद्दल त्याला काहीही म्हणायचं नव्हतं.

असो. सुमनकाकूंकडे येतो.

तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घराची रीत बाहेरच्यांना माहीत नसते. देवीला येणारी घराणी आपापल्या ठरलेल्या पुजाऱ्याकडे उतरतात. पिढ्यान् पिढ्या तेच घर. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, पूजा आणि पुरणाचा नैवेद्य तिथूनच व्हायचा. सुमनकाकूंचे यजमान अण्णा पुजारी. काकू लग्न होऊन त्या घरात आल्या त्या थेट चुलीपुढेच. तेव्हापासून मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, आश्विनातलं आणि पौषातलं शाकंभरीचं अशी दोन्ही नवरात्रं, कुठून कुठून आलेली माणसं त्यांच्या हातचं जेवून गेली. काकूंच्या पुरणपोळीचं नाव सोलापूरपासून बीदरपर्यंत. स्वतः काकू मात्र माहेरचं तेर सोडलं तर कुठेही पाहुणी म्हणून राहिलेल्या नाहीत. आलेल्यांपैकी कोणीतरी त्यांना मोबाईलवर समुद्र दाखवला होता. पोळी तव्यावर होती, म्हणून नीट बघता आला नाही. तेव्हापासून त्यांच्या मनात ते होतं.

दोन नवरात्रांच्या मधल्या दिवसांत घराला जरा मोकळीक मिळते. त्या मोकळिकीत सगळं कुटुंब माझ्या दुकानात आलं. अण्णा, पुण्यात कंपनीत असलेला थोरला मोहन, घरचं पुजारीपण सांभाळणारा धाकटा बाळू, आणि दाराजवळच्या बाकड्यावर हातात पिशवी घेऊन काकू.

मोहन म्हणाला, "काका, टॉपचं करा. माझ्या ऑफिसातले सगळे तिथंच जातात. आईचा फोटो टाकायचाय मला."

बाळू म्हणाला, "तुझ्या फोटूसाठी आईला कोंडतो का तिथं? तिला काटंचमच्यानं खायला लावणार? आईला साधं लागतं."

"तुला पैसे मागतोय का मी?"

"पैशाचं न्हाय. ती तिथं बोलंल कुणाला?"

अण्णा मधे पडले. "आरं, हिला कुठं काय लागतंय. हिचं काय, जिथं टाकाल तिथं राहती." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांना बायकोचं सुचलेलं हे सर्वोच्च कौतुक असावं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अशा वेळी ट्रॅव्हल्सवाल्याचा न्यायाधीश होतो. मी दोन्ही हॉटेलांची चित्रं पुढे ठेवली आणि समजावून सांगू लागलो. तेवढ्यात बाकड्यावरून काकूंनी पडद्याच्या हॉटेलाच्या चित्राकडे बोट केलं. "ह्येच्यात चूल कुठं हाय?"

मी हसलो. म्हटलं, "काकू, तिथे चूल दिसायचीसुद्धा नाही तुम्हाला. कोण रांधतं, कुठे रांधतं, काही पत्ता लागत नाही. ताट आपलं भिंतीतून आल्यासारखं येतं."

"आसं?" काकू म्हणाल्या.

मी हे त्या हॉटेलाचं वैगुण्य म्हणून सांगत होतो. इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचं बजेट ओळखणाऱ्या मला त्या "आसं"चा अर्थ लागला नाही. मी आपला ठेवणीतला शब्द बाहेर काढला. हा शब्द मी आयुष्यात सगळ्यात जास्त विकलाय. म्हटलं, "काकूंसाठी पत्र्याचंच बरं. घरगुती जेवण, घरगुती वातावरण. मालकीणबाई अगदी आपल्यासारख्या. काकूंना परकं म्हणून वाटणार नाही." घरगुती म्हटल्याबरोबर अण्णांनी मान डोलावली, बाळू जिंकला आणि मोहननेही नाइलाजाने हात वर केले. घरगुती या शब्दाला नाही म्हणणारा मराठी पुरुष मी अजून बघितलेला नाही.

मंडळी गेली. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलमालकाचा मला फोन. गडी आनंदाने ओरडत होता. "अहो, कसली माणसं पाठवलीत! आमच्या हिची कंबर धरली होती काल, तर तुमच्या काकूंनी स्वयंपाकघरच ताब्यात घेतलं. आज सगळ्या पाहुण्यांना पुरणपोळी! मुंबईच्या मंडळींनी तर मुक्काम वाढवला." मी त्या फोनची नक्कल येणाऱ्याजाणाऱ्याला चारदा करून दाखवली. पाठोपाठ मोबाईलवर त्या हॉटेलाच्या नावाखाली लोकांनी भरभरून लिहिलं. "अप्रतिम. अगदी घरगुती." मुलाने ते वाचून दाखवलं, आणि आपल्या निवडीवर मी फार खूश झालो.

मंडळी परतल्यावर अण्णा रस्त्यात भेटले, तर तेही खूश. "काय नाव काढलं हिनं तिथं!" बाळू खूश. मोहननेसुद्धा आईचा परातीसकट फोटो टाकला होता.

मग एका दुपारी काकू एकट्याच दुकानात आल्या. त्यांना एकटं आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाकड्यावर बसल्या. मी चहा सांगितला आणि मोठ्या उत्साहाने विचारलं, "मग काकू, समुद्र कसा वाटला?"

"दिसला की. सैपाकघराच्या खिडकीतनं दिसत व्हता." पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "फोडणी टाकली की धूर व्हायचा, मग दिसायचा न्हाय."

मी म्हटलं, "किनाऱ्यावर गेला नाहीत?"

"निघाले व्हते. तवर च्याचं आधण आलं."

"पण काकू, तुम्हाला कोणी कामाला लावलं नव्हतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मुलाला बघतात तसं. "मला घरी तरी कोण लावतंय, दत्ताभाऊ?"

चहा आला, तेवढंच बरं झालं. काकू बशीत ओतून, फुंकर घालून प्यायल्या आणि पुढे बोलल्या, "ती मालकीणबाई कंबर धरून भाकऱ्या थापतीय, आन् म्या पाटावर बसून खाऊ? उठले. एकदा उठलं की मग उठल्यालंच. तिचा तरी काय दोष? तुमी घरगुती, घरगुती म्हणत व्हता, मला वाटलं बोलायची रीत आसंल. खरंच घरगुती निघालं."

मला वाईट वाटलं. सरळ लिहितो, फार वाईट वाटलं. बाईचा जन्म ज्यात गेला त्याच्यातून बाहेर पडायला तिने मला वाट विचारली, आणि मी गाडी करून तिला कोकणातल्या चुलीपुढे नेऊन बसवलं.

काकूंनी कप खाली ठेवला. "ते पडद्याचं हाय न्हवं, जिथं चूल दिसत न्हाय म्हणालता? त्येच करा. शाकंभरीचं नवरात्र झालं की चैताच्या आदी. म्या आन् तेरची माजी बहीण शालन. दोघीच."

"आणि अण्णा?"

"त्यांना नेलं तर आल्याचा च्या, टावेल, गोळ्या. मग पुन्ना घरगुतीच की."

मोहनने हो म्हणायला वेळ लावला नाही. "मी आधीच म्हणत होतो," एवढं मात्र तो तीनतीनदा म्हणाला. त्याचं उत्तर बरोबर निघालं, कारण मात्र फोटोचंच होतं. खरी अडचण अण्णांची. ते तावातावाने दुकानात आले. "दत्ता, हे काय? एकदा बघितला न्हवं समुद्र? त्यो काय बदलणार हाय? आन् दोघी बायका एकट्या?"

अण्णांना खरं कारण सांगून कळलं नसतं. ते बायकोच्या पोळीचा अभिमान बाळगणारे गृहस्थ, पोळीला कंटाळणं त्यांच्या शास्त्रात नाही. मी शांतपणे म्हटलं, "अण्णा, त्या हॉटेलात सध्या बायकांसाठी योजना चालू आहे. पुरुष सोबत असला की लागू होत नाही." एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून अण्णांचा असल्या योजनांवर पटकन विश्वास बसतो. "आसं व्हय," म्हणाले, आणि योजना किती दिवस आहे ते विचारून गेले. घरी "मग पुरण कोण वाटणार" असा प्रश्न निघाला तेव्हा काकूंनी म्हणे बाळूला सांगितलं, "तू वाट. तुला बी हात हायतच की." बाळू हे मला सांगत होता तेव्हा स्वतःचे हात बघत होता.

शाकंभरीचं नवरात्र झालं आणि दोघी बहिणी गेल्या. मी हॉटेलच्या माणसाला फोन करून बजावलं की या दोघींनी स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारलं तरी सांगू नका. तो इंग्रजीत हो म्हणाला. तरी मला धाकधूक होतीच. पहिला दिवस गेला, फोन नाही. एकदा हुकलं ते हुकलं, आता पुन्हा हुकलं तर चैत्र, मग उन्हाळ्याच्या सुट्ट्यांची गर्दी, मग आषाढ, आणि काकूंचे गुडघे काही दरवर्षी तरुण होत नव्हते. त्या तिथेही काहीतरी काम शोधून काढणार, झाडूवाल्या बाईच्या हातातला झाडू घेणार, असं मला सारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकूच होत्या. मागे वाऱ्याचा आवाज.

"दत्ताभाऊ, हितं बादली न्हाय."

सगळ्या जन्मात ज्या एका प्रश्नाचं उत्तर मी आधी द्यायला शिकलो होतो, तेच यावेळी सांगायचं राहून गेलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, "काकू, मी आत्ता बोलतो त्यांच्याशी. पाच मिनिटांत बादली आणून देतील."

"नगं, नगं. तेच सांगायला फोन केला. नगा देऊ म्हणावं." मग म्हणाल्या, "बादली आसती तर कपडे धुवत बसले आसते."

मागून शालनबाईंच्या हसण्याचा आवाज आला. मी विचारलं, "मग सकाळपासून काय केलंत?"

"काय न्हाय. सकाळी पाणी लांब आत गेल्यालं व्हतं. शालन म्हणली, गेलं, चल आता आत. म्या म्हणलं बसू. कुणी हाक मारायला न्हाय, बसले तशीच खुर्चीवर." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "ठिवते आता, दत्ताभाऊ. पाणी माघारी यायला लागलंय."